सोमवारची धाप

१

सोमवार, तेवीस फेब्रुवारी २००४. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. इंग्लंडातल्या मोटरवेवर विंचेस्टरच्या अलीकडे जो चढ लागतो, तिथं मुरलीधरकाकांची गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा आचका दिला आणि तिचा जोरच गेला. काकांनी पाय पार तळाला टेकवला. काटा साठवरून पन्नासवर आला, पन्नासवरून पस्तीसवर. मागच्या लॉरीनं हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. काकांनी स्टिअरिंग डावीकडे ओढलं, गाडी कशीबशी रस्त्याकडेच्या हार्ड शोल्डरवर गेली, आणि लॉरी जाता जाता उजव्या बाजूचा आरसा उखडून घेऊन गेली.

शेजारच्या सीटवर अरुणाकाकू होत्या. त्यांनी डोळे मिटले होते आणि पर्स छातीशी घट्ट धरली होती.

पाऊण तासानं बंद गाड्या ओढून नेणारा रिकव्हरीवाला आला. त्यानं किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

"हिला काही झालेलं नाही, सर," तो म्हणाला. मग काकूंकडे वळून त्यानं हळूच विचारलं, "साहेबांचं वय काय?"

हे असं तिसऱ्यांदा घडत होतं.

त्या शनिवारी नीना मेडनहेडहून आली ती फॉर्म घेऊनच. नीना म्हणजे काका-काकूंची एकुलती एक मुलगी. जन्म इथला, शाळा इथली, त्यामुळे तिचं मराठी आईबापांपुरतं. फॉर्म ड्रायव्हिंग लायसन्स परत करण्याचा होता. नाव, पत्ता, जन्मतारीख तिनं स्वतःच भरून आणली होती. सही तेवढी बाकी होती.

"बाबा, तीन मंडे, तीन ब्रेकडाऊन," ती म्हणाली. "गॅरेजनं दोनदा चेक केला. गाडी ओके आहे. मग ओके कोण नाही?"

काकांनी फॉर्म उलटा करून पाहिला. त्यांच्यासमोर पेन होतं.

"आणि हिला कोण नेणार?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हॉस्पिटल ट्रान्सपोर्ट आहे. दे विल कम टु द डोअर."

"ह्यांनी नेलं तर जाईन," काकू म्हणाल्या. "परक्या माणसांबरोबर मी जाणार नाही. सांगून ठेवते."

काकूंच्या नाकाच्या मागे गाठ निघाली होती. सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, तीस मैलांवरच्या हॉस्पिटलात रेडिओथेरपी. पैकी तीन सोमवार गाडीनं बुडवले होते आणि डॉक्टरांचं पत्र आलं होतं, की ह्यापुढे एकही दिवस चुकवू नका. थोडक्यात, काकांनी सही केली की काकूंचे उपचार थांबणार. नीनाला नोकरी सोडून रोज येणं शक्य नव्हतं. काकू एकदा नाही म्हणाल्या की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणत नसत.

मी त्यांची भाडेकरू, आणि मला न विचारलेल्या ठिकाणी तोंड घालायची खोड आहे. मी घातलं.

"नीना, मला उद्याचा दिवस दे."

"व्हॉट फॉर?"

"दोष गाडीत आहे की काकांत, ते शोधायला."

तिनं घड्याळाकडे पाहिलं. "उद्या संध्याकाळ, सात. मग बाबा साइन करणार."

काकांनी पेनाला टोपण लावलं. ते तिसऱ्या प्रयत्नात बसलं, आणि हे नीनानंही पाहिलं.

२

मी सुनीती. मूळची पुण्याची, वर्क परमिटवर आलेली, बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कात सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि वर त्यांचीच बोलणी खायची, ह्याचा मला पगार मिळतो. काका-काकूंच्या वरच्या खोलीत दीड वर्षं भाड्यानं राहतेय. मधूनच येणारा आणि बघायला गेलं की गायब होणारा दोष हे आमच्या धंद्यातलं नेहमीचं दुखणं आहे. "माझ्या मशीनवर तर नीट चालतंय" असं म्हणून हात झटकणारे लोक मी रोज बघते, त्यामुळे त्या रिकव्हरीवाल्याचा मला न भेटताच राग आला होता.

चहा ठेवायला गेले. ह्या घराबद्दल माझी एकच तक्रार आहे, की इथं कुठलंही झाकण एका हातानं उघडत नाही. काका एकतीस वर्षं औषधांच्या कारखान्यात पॅकिंग सुपरवायझर होते. १९६८ साली पुण्याहून येताना आंब्याचं लोणचं सुटकेसमध्ये सांडलं आणि काकूंच्या पाच साड्या तेलात न्हाल्या. तेव्हापासून घरातलं प्रत्येक झाकण काकाच लावतात. साखरेच्या बरणीशी झटापट करून मी चहा केला आणि वही घेऊन काकांसमोर बसले.

"नेमकं काय होतं, ते पहिल्यापासून सांगा."

"वीसेक मैल म्हातारी छान पळते." गाडी १९८३ सालची, घरात तिचं नावच म्हातारी. "मग तिला धाप लागते. आधी चढावर, मग सपाटीवरसुद्धा. आचके देते आणि बंद. अर्धा-पाऊण तास बसून राहायचं, की जसं काही झालंच नाही."

"मंगळवार ते शुक्रवार?"

"कुरकुर नाही."

"काय बदललंत गाडीत? एखादा पार्ट, ऑइल, काहीही?"

"काही नाही. स्क्रूसुद्धा नाही."

"रविवारी काय करता?"

"दुपारी पेट्रोल भरतो. टाकी गळ्यापर्यंत, मग आठवडाभर बघायला नको. नंतर शशिधर येतो, दोघं मिळून गाडी धुतो." ते जरा थांबले. "पहिल्या आठवड्यात हिला गाडीत पेट्रोलचा वास यायचा, मळमळायचं. आता तेही नाही."

मी 'वास, आता नाही' असं लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले. तो बंद कसा झाला, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. अक्कल गहाण टाकल्यासारखी मी पुढे गेले.

गॅरेजवाल्या कॉलिनला फोन लावला.

"प्लग, पॉइंट्स, फ्युएल फिल्टर, पंप, सगळं बघितलं," तो वैतागून म्हणाला. "चालवूनही बघितली."

"किती लांब?"

"तीन मैल."

"कुठल्या वारी?"

"दोन्ही वेळा बुधवारी. का?"

मी 'बुधवार' खाली दोन रेघा ओढल्या.

शशिधरकाका दोन घरं सोडून राहतात. रिटायर्ड डेंटिस्ट. त्यांच्या गॅरेजात जुन्या दोन गाड्या चादरी पांघरून उभ्या आहेत आणि म्हातारी आपल्याला विकतोस का म्हणून त्यांनी काकांना तीनदा विचारलंय. गाडीची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असते.

"मुरली माझा चाळीस वर्षांचा मित्र आहे, सुनीती," ते तडकले. "तू काय विचारतेस, कळतंय का तुला?"

"कळतंय. तुम्ही एकटे असताना कधी बॉनेट उघडलंत का?"

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

"एकदा," ते म्हणाले. "पंधरा तारखेला, रविवारी. मुरली पाणी आणायला आत गेला होता."

दुसऱ्या दिवशी, सोळा तारखेला, गाडी दुसऱ्यांदा बंद पडली होती.

"काय केलंत?"

"नुसतं बघितलं. इंजिन ओरिजिनल आहे का, तो नंबर बघितला. मुरलीला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल."

खरं बोलताहेत की नाही, मला ठरवता येईना. घरी परतले तर काकू फ्रिजसमोर दुधाचा डबा धरून उभ्या.

"हे नासलंय का बघ गं, मला कळत नाही."

मी हुंगलं. दूध चांगलं होतं. "काकू, तुम्हाला काय वाटतं? काका विसरायला लागलेत?"

त्यांनी डबा परत ठेवला आणि फ्रिजचं दार उगाचच दोनदा लावलं.

"नीना म्हणते तसं असेलही," त्या म्हणाल्या.

पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि ही बाई नवऱ्याची बाजू घेईना.

३

टेस्टिंगमध्ये एकच गोष्ट बदलायची असते, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. मी माणूस बदलायचं ठरवलं.

"उद्या गाडी तू चालवायचीस," मी नीनाला सांगितलं. तिचं नाव अजून गाडीच्या इन्शुरन्सवर होतं. "तोच रस्ता, तोच वेग. पेट्रोल काकाच भरतील, नेहमीसारखं."

"आणि काही झाला नाही तर?"

"तर मी स्वतः काकांच्या हातात पेन देईन."

हे बोलून गेले आणि रात्रभर तळमळले. डाव उलटला असता तर काकांना संपवणारी मीच ठरले असते.

रविवारी सकाळी काका एकटेच जाऊन टाकी भरून आले. पाऊस होता, त्यामुळे शशिधरकाका फिरकलेच नाहीत. साडेअकराला आम्ही दोघी निघालो. काका खिडकीत उभे होते. हात त्यांनी केला नाही.

पाच मैल. दहा. म्हातारी साठच्या वेगानं गुणगुणत होती. बाराव्या मैलाला नीना म्हणाली, "शी इज फाइन." पंधराव्याला तिनं तेच पुन्हा म्हटलं, पण ह्या वेळी तिचा आवाज चिरकला.

"मला राइट व्हायचं नव्हतं, सुनीती. तुला वाटतं मला आवडतो हे? माझे बाबा मला सायकल शिकवले, गाडी शिकवले. आणि मी त्यांचा लायसन्स..."

अठरा मैल झाले. इंजिनाच्या आवाजात तिळमात्र फरक नव्हता, आणि मी मनातल्या मनात काकांना काय सांगायचं ह्याची जुळवाजुळव करायला लागले.

विसाव्या मैलाला म्हातारी खोकली.

"व्हॉट वॉज दॅट?"

पुन्हा खोकली. चढ सुरू झाला होता. नीनानं पाय दाबला, गाडी पुढे जायच्या ऐवजी आचके द्यायला लागली. पन्नास. चाळीस. मागे दोन मजली कोच होता आणि त्याचे दिवे आमच्या आरशात उघडझाप करत होते.

"इट्स नॉट गोइंग! मी दाबते आहे, इट्स नॉट गोइंग!"

"डावीकडे घे. नीना, डावीकडे!"

कोच वाऱ्याचा झोत मारून गेला. आम्ही हार्ड शोल्डरवर होतो. इंजिन बंद, नीनाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि चेहरा पांढराफटक.

"दॅट वॉजन्ट मी," ती म्हणाली. मग सावकाश, मराठीत, "म्हणजे बाबापण नव्हते."

माझ्या छातीवरचा अर्धा धोंडा उतरला. पण दोष कुठे आहे, हे सांगता आलं नसतं तर म्हातारी भंगारात गेली असती आणि उद्याचा सोमवारही बुडाला असता. आम्ही डावीकडून उतरून कठड्यापलीकडे उभ्या राहिलो. पावसात मी मोठ्यानं विचार करायला लागले, कारण गप्प बसून मला विचार करता येत नाही.

"प्लगला वार कळत नाही. पंपाला कळत नाही. सोमवारी वेगळं काय असतं? आदल्या दिवशी टाकी भरलेली असते, बस. बुधवारी ती अर्धी असते. भरलेल्या टाकीत असं काय नसतं, जे अर्ध्या टाकीत असतं?"

"एअर?" नीना म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. आमच्या घरी गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा यायचा. बाबा त्याच्या पत्र्याला खिळ्यानं दोन भोकं पाडायचे, एक तेल बाहेर यायला आणि एक वारा आत जायला. एकदा मी शहाणपणा करून एकच पाडलं होतं. तेल गुटक् गुटक् करत आलं, अडखळलं आणि थांबलं.

"पेट्रोल बाहेर जातंय आणि त्याच्या जागी हवा आत येत नाहीये," मी म्हणाले. "अर्ध्या टाकीत आधीच भरपूर हवा असते, ती पुरते. भरलेल्या टाकीत ती पुरत नाही. पंप ओढतो, पण पेट्रोल येत नाही. थांबलं की कुठून तरी हळूहळू हवा झिरपते, म्हणून पाऊण तासानं गाडी सुरू होते."

टाकीचं झाकण डाव्याच बाजूला होतं. मी ते फिरवलं. हललं नाही. दोन्ही हातांनी फिरवलं, आणि म्हातारीनं असा लांब श्वास आत ओढला की नीना दोन पावलं मागे सरकली.

झाकणाच्या खाली, टाकीच्या तोंडावर ताणून बसवलेला, प्लॅस्टिकचा एक गोल तुकडा होता. कात्रीनं नीट कापलेला.

"समबडी डिड धिस," नीना कुजबुजली. "कोणीतरी मुद्दाम केलं. सुनीती, माझे आईबाबा त्या गाडीत होते!"

४

तुकडा काढून टाकल्यावर म्हातारी घरापर्यंत एकदाही खोकली नाही. पाच वाजता बैठकीच्या खोलीत सगळे जमले. काका, काकू, नीना, आणि नीनानं फोन करून जवळजवळ आरोपी म्हणून बोलावलेले शशिधरकाका. तुकडा मी टेबलावर, त्या फॉर्मच्या शेजारी ठेवला.

"किल्ली तुमच्याकडे होती," नीना शशिधरकाकांना म्हणाली. "गाडी तुम्हाला पाहिजे होता."

शशिधरकाकांचा चेहरा लाल झाला. ते उठायला लागले.

"बसा," मी म्हणाले. "तुम्ही नाही केलंत. हा तुकडा एकदा लावून चालत नाही. पेट्रोल भरताना तो काढावाच लागतो. म्हणजे दर रविवारी, पेट्रोल भरून झाल्यावर, तो पुन्हा लावला जात होता. पहिला प्रकार नऊ तारखेचा. आदल्या रविवारी तुम्ही कुठे होतात?"

"वॉटफर्डला. वरदकडे, माझ्या मुलाकडे."

"आणि आज तर तुम्ही गाडीजवळ आलाच नाहीत. नीना, तू आजच्या आधी रविवारी इथे नव्हतीस. कॉलिनकडे गाडी बुधवारी असते. मग उरला कोण? जो पेट्रोल भरतो तो."

मी तुकडा उचलला. गोलाला एका बाजूला बोटभर शेपूट ठेवलेलं होतं, ओढून काढायला सोपं जावं म्हणून. घरातल्या झाकणांखाली काका असेच तुकडे बसवतात. तसंच शेपूट साखरेच्या बरणीत आहे, मेतकुटाच्या डब्यात आहे, लोणच्याच्या तर आहेच.

"काका, हे तुम्ही लावलंत."

"हो," काका म्हणाले. "मीच लावलं. मग?"

नीनानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिच्या डोक्यात काय आलं ते मला दिसत होतं, कारण माझ्याही डोक्यात तेच होतं. गाडीचा दोष सापडला होता आणि त्याच दोषानं काकांना पुरतं अडकवलं होतं. स्वतः लावलं आणि स्वतःच विसरले.

"यू फरगॉट," ती म्हणाली. "बाबा, सुनीतीनं तुम्हाला विचारलं, काय बदललं. तुम्ही सांगितला, काही नाही."

"विसरलो कुठे?" काकांचा आवाज चढला. शनिवारपासून पहिल्यांदाच. "तिनं विचारलं, गाडीत काय बदललं. झाकण नीट लावणं हा काय बदल झाला? आठ फेब्रुवारी, रविवार, दुपारी साडेतीन. पंपावर पाच नंबरला उभा होतो. अकरा गॅलन्सची टाकी, पावणेनऊ बसलं. झाकण बघितलं तर त्याला बारीक भोक! म्हटलं, वास इथूनच येणार. एकतीस वर्षं मी भोकाची झाकणं फेकून दिली आहेत, नीना. एक बाटली गळली नाही माझी. पुढच्या दर रविवारी नवा तुकडा कापलाय, घडी करून शर्टाच्या खिशात नेलाय. विचार, अजून काय विचारायचंय ते विचार!"

शशिधरकाका मान खाली घालून हसायला लागले होते.

"ते भोक श्वास घ्यायला असतं, काका," मी म्हणाले.

काकांनी तुकडा हातात घेतला, उजेडात धरला. त्यांचा राग ओसरला आणि जागी दुसरंच काहीतरी आलं.

"म्हणजे मीच हिला लॉरीखाली घालत होतो," ते म्हणाले.

"अरे, तुला काय माहीत," शशिधरकाका म्हणाले.

"अरे, मला केवढा आनंद झाला होता!" काका माझ्याकडे वळले. "दिवाळीपासून हिला कुठलाच वास येत नव्हता. फोडणी करपली तरी कळायचं नाही. तिथूनच तर आजार सापडला. आणि पहिल्याच आठवड्यात ही म्हणाली, गाडीत पेट्रोलचा वास येतोय, मी नाही जात उद्यापासून. म्हटलं, वास येतोय! लागू पडतंय औषध! कोणाला बोललो नाही, दृष्ट लागेल म्हणून. पण हिला त्रास नको, म्हणून झाकण लावलं."

मी काकूंच्या खुर्चीकडे पाहिलं. त्या खोलीत नव्हत्या.

५

स्वयंपाकघरात त्या ओट्याला धरून उभ्या होत्या. काल मी ज्या दुधाचा वास घेऊन दाखवला होता ते दूध माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटलं.

"काकू, पेट्रोलचा वास तुम्हाला कधी आलाच नाही ना?"

त्यांनी बंद नळ आणखी घट्ट पिळला.

"तोंडावर जाळीचा मुखवटा घालतात," त्या म्हणाल्या. "माझ्याच चेहऱ्याच्या मापाचा केलाय. टेबलाला चापांनी अडकवतात. मान हलत नाही, तोंड उघडत नाही. सगळे बाहेर जातात आणि जाड दार लावून घेतात. मला श्वास कोंडतो गं. मला वाटतं मी तिथंच जाणार. ह्यांना कसं सांगू? हे रोज टाय लावून गाडी काढतात, लग्नाला निघाल्यासारखे. मग म्हटलं, वास येतो म्हणावं. ह्यांनी दोन दिवसांत वास घालवला."

"आणि गाडी बंद पडायला लागली."

"सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगते. लॉरी अंगावर येत होती तेव्हासुद्धा वाटलं, आज तरी तो मुखवटा नाही." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "नीना म्हणाली बाबांचं डोकं गेलं. ह्यांचं लायसन्स गेलं की माझं जाणं थांबणार होतं. मला माहीत होतं, हा माणूस सगळ्या गल्लीच्या वाढदिवसांच्या तारखा सांगतो. तरी मी गप्प बसले."

मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त राग आला, आणि दोन्ही मी बोलून दाखवलं.

"काल त्यांना पेनाचं टोपणसुद्धा नीट लावता येईना, काकू. तुम्ही शेजारी बसला होतात. हे मी सांगणार नाही. तुम्हीच सांगायचं, आत्ता."

त्या गेल्या. मी दारात थांबले.

"अहो," काकू म्हणाल्या, "मला वास येत नाही. अजून नाही. मी खोटं बोलले."

मग त्यांनी सगळं सांगितलं, मुखवट्यापासून लॉरीपर्यंत, काही न लपवता. नीना त्यांच्या पायाशी येऊन बसली. काकांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी दिसलं ते दुःख, की वास येत नाही. आपल्याला वेडं ठरवू दिलं, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"भीती वाटते म्हणायचं होतंस," ते म्हणाले.

"तुम्ही काय केलं असतंत?"

सात वाजले. नीनानं फॉर्म चार तुकडे करून कचऱ्यात टाकला आणि म्हणाली, "सॉरी, बाबा." मग तिला तेवढं पुरेसं वाटेना, तेव्हा ती उठली आणि म्हाताऱ्या बापाच्या गळ्यात पडून रडली.

काकू मात्र उद्या जाईन असं काही म्हणाल्या नाहीत.

६

सोमवारी मी रजा टाकली. टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरलेली होती आणि झाकण मोकळं होतं. विंचेस्टरच्या चढाला काकांनी मला आरशातून बघितलं, मी काट्याकडे बघत होते. साठ. चढ संपला तेव्हाही साठच.

गाडीत कोणी जिंकल्यासारखं वागलं नाही. काकूंची बोटं पर्सच्या पट्ट्याला पिळे घालत होती. हॉस्पिटलच्या दारात त्यांचे पाय अडले. काकांनी ओढलं नाही की समजावलं नाही, नुसते शेजारी उभे राहिले. पाच मिनिटांनी त्या स्वतःच आत गेल्या.

काकांनी मशीनवरच्या मुलीला गाठलं आणि आपल्या पॅकिंग-सुपरवायझरी इंग्रजीत स्पष्ट सांगितलं, की माझ्या बायकोला मुखवट्यात गुदमरतं, तिनं आजवर तुम्हाला सांगितलेलं नाही, मला आत बसू द्या. आत बसता येणार नाही, ती म्हणाली. पण इथून मायक्रोफोनवर बोलता येईल, त्यांना सगळं ऐकू जातं. हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

जाड दार लागलं. छोट्या पडद्यावर काकू दिसत होत्या, पांढऱ्या जाळीखाली, हाताच्या मुठी आवळलेल्या. काका मायक्रोफोनसमोर वाकले. माझ्याकडे पाहिलं. काय बोलायचं ते त्यांना कळत नव्हतं. पडद्यावरच्या मुठी आणखी आवळल्या.

"अरुणा," ते म्हणाले. "ऐकतेस ना? मी इथेच आहे." घसा खाकरला. "तीन आठवडे मला वेडा ठरवू दिलंस. पोटच्या पोरीसमोर. घरी चल, बघतो तुला."

पडद्यावर काकूंचे खांदे हलायला लागले.

"त्या रडताहेत का?" मुलीनं घाबरून मला विचारलं. "थांबवू का?"

मी नीट पाहिलं. "नाही. हसताहेत."

"प्लीज, त्यांना हलू नका म्हणावं."

"हलू नकोस म्हणतायत," काका मायक्रोफोनमध्ये म्हणाले. "आणि उलट उत्तर देऊ नकोस. पंचेचाळीस वर्षांत आज पहिल्यांदा मला मध्ये न थांबवता बोलायला मिळतंय."

खांदे थांबले. मुठी सुटल्या आणि हात अंगालगत सैल पडले. मशीन सुरू झालं. काका बोलतच होते. १९६८ सालच्या विमानतळावरच्या भांडणापासून त्यांनी सुरुवात केली, मग साड्या, मग नीनाचं नाव कोणी ठेवलं तो वाद. अकरा मिनिटं ते मायक्रोफोनपासून हलले नाहीत.

दार उघडलं. काकू बाहेर आल्या. गालांवर जाळीचे चौकोन उमटले होते. त्यांनी काकांच्या हातातून आपला कोट घेतला आणि बाह्या घालत घालत म्हणाल्या,

"विमानतळावर चूक तुमची होती. उद्या पुन्हा भांडायला या, मग सांगते."